क्लीव्हलँड जिंकणार, आणि ती जाणार नाही

शनि. २४ जुलै ९९
बसचा एसी पुन्हा बंद. अजमानहून दुबईपल्याड जबल अलीपर्यंत सगळे खिडकीला डोकं टेकून, तोंडं उघडी. माझंही उघडं असणार.

डॉब्सने, आमच्या गोदामाच्या अमेरिकन मॅनेजरने, आज कागद लावला. दर वर्षी लावतो म्हणे, माझं हे पहिलंच. खोक्यांना गुंडाळायचा तपकिरी कागद, गोदामाच्या ऑफिसात चहाच्या मशीनशेजारची अख्खी भिंत. वर मार्करने: येणाऱ्या सीझनची भाकितं. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हातात धरून पळायचा. प्रत्येकाने एक तरी लिहायचं, खाली सही, खोडायचं नाही, फाडायचं नाही. फेब्रुवारीत सगळी मोठ्याने वाचणार. ज्याचं सगळ्यात जास्त चुकेल त्याच्याकडून बिर्याणी. आणि भाकीत बोल्ड पाहिजे. बोल्ड म्हणजे काय, कुट्टीने विचारलं. (स्टोअरकीपर. आयुष्यात एकही मॅच पाहिलेली नाही.) डॉब्स म्हणाला, वाचून लोक हसले पाहिजेत.

कुट्टीने तिथल्या तिथे लिहिलं: बॉल शेवटपर्यंत गोल होणार नाही. ट्रकवाल्या गुल झमानने उर्दूत एकच शब्द लिहिला, इन्शाल्ला. डॉब्स म्हणाला, भिंतीवरचं हे एकच कधी चुकणार नाही.

मी नाही लिहिलं. डॉब्स सोडला तर इथे हा खेळ कळणारा मी एकटा. घाई कशाला.

सोम. २६ जुलै
शारजात रोल्लाला उतरलो. के. सहाला सुटते. तिच्या ट्रॅव्हल एजन्सीखालचा कॅफेटेरिया. तिने समोसा अर्धा ठेवला तेव्हाच कळलं.

"एक मुलगा आहे."
"कुठला?"
"मूळचे सांगलीचे. तो पिट्सबर्गला असतो. सॉफ्टवेअर."

मी हसलो. खरंच हसू आलं. एवढी मोठी अमेरिका.

"हसायला काय झालं?"

हिला काय सांगणार. क्लीव्हलँडमध्ये दीड वर्ष काढलं, कॉलेजात फार काही शिकलो नाही, पण पिट्सबर्गचं नाव निघालं की तोंड वाकडं करायला शिकलो. तिथे तान्ह्या पोरांनाही ते शिकवतात.

ऑगस्टअखेर येतोय. भारतात जाता जाता दोन दिवस इथे. "आई म्हणते बघायला काय हरकत आहे."
"आणि तू काय म्हणतेस?"
"मी काय. समोसा घे."

चौकापर्यंत सोडायला गेलो. वाटेत म्हणाली, पिट्सबर्गला इथून थेट काही जात नाही, लंडनला बदलावं लागतं. मशीनवर बघितलं तिने. सहज बघितलं असेल. दिवसभर तिकिटंच बघते ती. पण बघितलं.

शुक्र. ३० जुलै
सुट्टी. बाबांशी वाजलं. विषय नेहमीचाच.

"पुढे काय ठरवलंयस?"
"नोकरी आहे ना."
"ती गद्र्यांनी दिलीय. मी तुझं पुढे म्हणतोय."

गद्रेकाका म्हणजे के.चे बाबा. आमच्या कंपनीत अकाउंट्सचे हेड. शिकत नसलेला एकवीस वर्षांचा घोडा बापाच्या व्हिसावर राहू शकत नाही, म्हणून बाबा त्यांच्याकडे गेले, आणि त्यांनी एका आठवड्यात मला गोदामात चिकटवलं. ज्यांची मुलगी हवी त्यांच्याच व्हिसावर मी या देशात आहे. बाबांनी हे बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर भांडता आलं असतं. तरी ताट ढकलून उठलोच. आमरस सांडला. आईने पुसला.

फेब्रुवारीतही हेच केलं. फोनवर के. म्हणाली, आई माझी पत्रिका काढून बसलीय. एवढंच. तिसऱ्या दिवशी मी विमानात. सेमिस्टर अर्धं, कपडे अर्धे रूममेटकडे. वाटलं होतं विमानतळावर ती रडेल बिडेल. ती म्हणाली, "मी तुला ये म्हटलं होतं?" नंतर हेही म्हणाली की परत जा, पुरं कर, तोवर मी घरी थोपवून धरते. मी म्हटलं, तुला सोडून आता कुठेही नाही. तेव्हा ते फार भारी वाक्य वाटलं होतं.

बुध. ४ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत कुट्टीला खेळ समजावला. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं. गेलास तर परत चार. नाही गेलास तर बॉल समोरच्याला.

"चार चान्स? बहुत है भाई. मेरेको तो शादी में एक ही मिला."

यंदाची भाकितं विचारली त्याने. बोटांवर मोजत सांगितली. डेन्व्हरचा म्हातारा निवृत्त झाला, तेव्हा डेन्व्हर साफ झोपणार. डॅलसचं नाव मोठं, गुडघे संपले. बफेलो शेवटच्या मिनिटापर्यंत जिंकत असेल आणि तिथेच रडेल. कुठला तरी राखीव गडी, ज्याचं नाव आज त्याच्या गल्लीलाही माहीत नाही, टीमला फायनलला नेईल. आणि पहिल्या रविवारी रात्री क्लीव्हलँड पिट्सबर्गला हरवणार.

"क्लीव्हलँड कैसा है?"

कसं आहे. तीन वर्षांपूर्वी मालकाने टीम उचलून दुसऱ्या शहरात नेली. मी गेलो तेव्हा टीम नव्हतीच. ओळखीतला प्रत्येक माणूस रविवारी दुसऱ्यांच्या मॅच बघायचा, बोलावणं नसताना लग्नात जेवायला बसल्यासारखा. आता टीम परत मिळतेय. नवीन स्टेडियम, नवीन पोरं, शर्ट जुनेच. मी तिथे होतो तेवढा काळ एकही मॅच झाली नाही, आणि माझी टीम तीच.

"मतलब तूने देखा ही नहीं," कुट्टी म्हणाला. "बिना देखे इतना प्यार."
म्हटलं, खा गप.

बुध. ११ ऑगस्ट
ग्रहण. आई सकाळपासून उपाशी, देवावर सोवळ्याचं वस्त्र. त्यात दिव्याची अवसही. आज काही नवीन करू नकोस, म्हणाली. नवीन काय करणार मी.

दुपारी गोदामाबाहेर पुठ्ठ्याला भोक पाडून सगळे सावलीत चंद्रकोर बघत होते. गद्रेकाकाही आले. माझ्याशेजारी उभे राहिले, पुठ्ठा धरला.

"शिक्षणाचं काय करतोयस?"
"बघतो काका."
"बघ." आणि पुठ्ठा मला देऊन गेले.

पि.वाल्याचं कळलेलं आहे मला, हे त्यांना माहीत आहे का? चेहऱ्यावरून काही नाही. अकाउंट्सचा माणूस.

रवि. १५ ऑगस्ट
लिहिलं.

सकाळी के.ला फोन केला होता ऑफिसात. म्हणाली, त्याचा फोटो आलाय. मी विचारलं कसा आहे. "बरा आहे. हसरा आहे." हसरा. मग कस्टमर आला म्हणून ठेवला.

सरळ जाऊन मार्कर उचलला. एक: पहिल्या रात्री क्लीव्हलँड पिट्सबर्गला हरवणार. तेवढ्याने भागेना. डोकं भणभणत होतं. खाली दोन: आणि ती पिट्सबर्गला जाणार नाही. सही.

डॉब्सने वाचलं. ती कोण, विचारलं. म्हटलं, आहे एक. त्याने मान हलवली. म्हणाला, पहिलं भाकीत नाही, इच्छा आहे. दुसरं काय आहे ते मला ठाऊक नाही. लोक हसले मात्र. गुल झमानने पाठ थोपटली, "वल्ला, मजनू." मलाही मजा वाटली. जेवणापर्यंत वाटली.

त्या मशीनवर चहा घ्यायला अकाउंट्सची माणसंही येतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मंगळ. १७ ऑगस्ट
सुटताना काका गेटशी. "बसने नको. चल माझ्याबरोबर."

जबल अलीपासून शारजाच्या सीमेपर्यंत एक शब्द नाही. मराठी भजनाची कॅसेट लावलेली, तीही पहिली बाजू संपल्यावर उलटली नाही. सिग्नलला सगळं ठप्प. समोर ट्रकच्या मागे उंट बांधलेला, आमच्याकडे बघत रवंथ करत होता.

"अक्षर छान आहे तुझं."

मी उंटाकडे बघत राहिलो.

"नाव लिहिलं नाहीस, तेवढी अक्कल राहिली. पण मला कळलं. उद्या आणखी एकाला कळेल."
"काका, मी ते..."
"तिला विचारून लिहिलंस?"

सिग्नल सुटला. गाडी हलली नाही, मागच्यांनी हॉर्न दिले.

"नोकरीचं मनात आणू नकोस. व्हिसा काढला तो काढला. ते मी मागे घेणारा नाही. पण तो कागद फेब्रुवारीपर्यंत तिथे राहणार, आणि मला रोज त्याच्यासमोर उभं राहून चहा घ्यायचाय."

रोल्लाला वळले नाहीत, मला थेट अजमानला घरापाशी सोडलं. वर या म्हटलं. "नको. तुझे बाबा विचारतील इकडे कसे, आणि मला खोटं बोलता येत नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुध. १८ ऑगस्ट
डॉब्सला म्हटलं तेवढा तुकडा फाडू दे. नाही म्हणाला. लिहिलं ते लिहिलं, तोच तर खेळ आहे. मी बरंच काही बोललो. तो ऐकून घेऊन फोर्कलिफ्टवाल्याकडे गेला.

दुपारी बघतो तर कुट्टीने त्या कोपऱ्यासमोर रिकामी खोकी रचून ठेवलीत, डोक्याच्या वरपर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, थँक्यू भाई. "क्या थँक्यू? जगह नहीं है गोडाउन में."

शुक्र. २० ऑगस्ट
के. भेटली. तिनेच बोलावलं. रोल्लाच्या बागेत, ऐन दुपारच्या उन्हात, म्हणजे कोणी ओळखीचं नसेल. काकांनी तिला सांगितलं नव्हतं. काकूंना सांगताना तिने ऐकलं.

"काय लिहिलंयस नक्की? शब्द सांग."
सांगितले.
"आणि वर मॅचचं?"
"हो."
"म्हणजे मी दोन नंबरला."

मला वाटलं थट्टा करतेय. करत नव्हती.

"आई म्हणते मी जाणार. तिथे मोठं देऊळ आहे म्हणे, मराठी मंडळ आहे. बाबा म्हणतात, बघू. तू भिंतीवर लिहितोस नाही जाणार. सगळ्यांना माहीत आहे मी काय करणार. मला विचारायला कोणीच येत नाही."
"मग आता विचारतो."
"आता भिंतीवर लिहिल्यावर?"

मी भडकलो. काय काय बोललो. तुझ्यासाठी सगळं सोडून आलो वगैरे. ती ऐकत राहिली, ओढणीने मान पुसत. मग म्हणाली, "मी पण एक सांगू? बोल्डवालं? तू परत कॉलेजात जाणार नाहीस. मी इथे राहिले तरी नाही आणि गेले तरी नाही. पुढच्या वर्षीही याच बसमध्ये, याच रागात असशील. हे माझं. लिही जाऊन."

रस्ता ओलांडताना मागे बघितलं नाही तिने. मी तिथेच, बाक तापलेलं, उठवेना.

शुक्र. २७ ऑगस्ट
जायचं नव्हतं. गद्रेकाकूंनी आईला बोलावलं, घरचीच माणसं म्हणून. आणि काकांनी मुद्दाम फोनवर, "त्यालाही आणा." का?

पि.वाला. अमोघ. हसरा आहे, खोटं नाही. मोजे फाटके होते, लपवत नव्हता. के.ने पोहे आणून ठेवले, माझी बशी माझ्याकडे न बघता. मोठी माणसं सांगलीच्या ओळखी काढत बसली आणि आम्हा दोघांना गॅलरीत पाठवलं, पोरांनी पोरांशी बोलावं म्हणून.

मी ठरवून गेलो होतो तोंड उघडायचं नाही. त्याने विचारलं, तू क्लीव्हलँडला होतास ना. मग उघडलं. सहा महिन्यांत डॉब्सशीही इतका बोललो नसेन. बचाव, नवा क्वार्टरबॅक, कोण कोणाला चिरडणार. त्याला सगळं येतं. शेवटी म्हणाला, "अरे, पहिल्या रात्री मी तिकडेच आहे. मित्राने तिकीट काढलंय. क्लीव्हलँडच्या स्टेडियममध्ये आमची चार टाळकी पिट्सबर्गचे शर्ट घालून. मार खाऊ बहुतेक."

मी म्हटलं, कशा आहेत खुर्च्या, सांग मला. काय बोललो मी हे.

मग त्याने हळूच विचारलं, "केतकीचं काही... तुला माहीत आहे का काही? ती फार गप्प आहे. मला जबरदस्ती नकोय कोणाची."

इथे बोलता आलं असतं. एक वाक्य. म्हटलं, "तिलाच विचार."

विचारलंन. जाताना, सगळ्यांसमोर, सरळ. केतकी म्हणाली, गणपती बसला की सांगते. काकू काहीतरी म्हणायला गेल्या, काकांनी हात केला. अमोघ म्हणाला, "चालेल. मॅच संपली की तिकडून फोन करतो." तिची मुदत आणि त्याची मॅच एकाच सकाळी. तेरा तारीख.

त्याने तिला विचारलं. मी सहा वर्षं ओळखतो.

शनि. ४ सप्टें.
डॉब्सने आज शेवटी स्वतःचं लिहिलं. सगळे जमले. तो क्लीव्हलँडजवळचाच, बापासोबत लहानपणापासून जायचा. लिहिलं: क्लीव्हलँड यंदा फार तर दोन मॅच जिंकेल.

मी म्हटलं, तुमचीच टीम ना? म्हणाला, आहेच. म्हणून तर बघणार. हरताना.

मग खोक्यांकडे मान करून म्हणाला, दोन नंबरचं काय झालं? म्हटलं, अजून ठरायचंय. त्याने विचारलं कॉलेज का सोडलं. आजवर विचारलं नव्हतं. सांगितलं. तो म्हणाला, जानेवारीत परत घेतील, अर्धवट सोडलेली पोरं ते घेतात, माझ्या भावाला घेतलं होतं. हवं तर मी बोलतो. मी हो म्हटलं नाही. नाहीही नाही.

पहिल्या मॅचला त्याच्या व्हिलावर ये म्हणाला. डिश आहे. इथे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होईल. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते.

गुरु. ९ सप्टें.
के.चा फोन. त्या बागेनंतर पहिला. आवाज अगदी नेहमीचा.

"सोमवारी फुलं आणि दूर्वा आणायच्यात. बरदुबईला देवळाच्या गल्लीत. मुंबईहून माल पहाटेच येतो, उशीर केला की शेवंतीसुद्धा मिळत नाही. बाबांना मोतीबिंदूमुळे अंधारात गाडी चालवता येत नाही. येशील?"
"किती वाजता?"
"साडेचारला निघायचं."

मी थांबलो.

"का? काही आहे?"

हिला मॅचची वेळ माहीत असणार. अमोघने सांगितलीच असणार. किंवा नसेल. क्लीव्हलँडचं सोडलं तर दर वर्षी त्यांच्या गणपतीची फुलं मीच आणतो, शाळेत होतो तेव्हापासून, तेव्हा काका चालवायचे आणि मी पिशव्या धरायचो. म्हणून विचारलं असेल, दुसरं काही नसेल.

"काही नाही," म्हटलं. "येतो."
"बाबा मागे बसतील. मी पण आहे."
ठेवला.

जानेवारीचं तिला सांगायला हवं होतं. तोंडावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तेही भिंतीवर लिहिल्यासारखं. आधी करावं.

रवि. १२ सप्टें.
डॉब्सला सांगितलं येत नाही. तो बघतच राहिला. कारण विचारलं. फुलं आणायला जायचंय म्हटलं. म्हणाला, स्कोअर फोन करून सांगू? म्हटलं, नको.

तरी त्याने विचारलंच. आपण जिंकलो तर? मी म्हटलं, तरी नको. जिंकलो तर वाटेल दोन नंबरचंही खरं होणार. हरलो तर वाटेल गेलं. आणि तिचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मला आज कळलं म्हणत नाही. बागेत ती सांगत होती तेव्हाही कळलं होतं, पण तेव्हा मी बोलत होतो.

चहाला गेलो तर कुट्टीची खोकी अजून तिथेच. गद्रेकाका कप घेऊन खोक्यांकडे पाठ करून उभे. "साडेचारला," म्हणाले. "हॉर्न देऊ नकोस, बिल्डिंग झोपलेली असते."

आता घरी. गजर लावला. पावणेपाचला मी सीमेवर असेन, ती शेजारच्या सीटवर, काका मागे. त्याच वेळी अमोघ तिथे, दिव्यांच्या लखलखाटात. परत येऊन फुलं उतरवेपर्यंत त्यांची मॅच संपलेली असेल. मग आरती. मग त्याचा फोन.

डॉब्सच्या कॉलेजवाल्या माणसाचा नंबर खिशात आहे. केला नाही अजून. आज तिकडेही रविवार, उद्या गणपती. परवा.

उद्या ती काय सांगेल ते इथे लिहून ठेवायचं मनात होतं, तारीख टाकून, सही करून. नाही लिहिलं.

आईने विचारलं, मॅच नाही बघणार? नाही म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही. म्हणाली, दूर्वा ओल्या फडक्यात आणायच्या असतात, गाडीच्या एसीत कोमेजतात. फडकं भिजवून, पिळून दाराशी ठेवलंय. सकाळपर्यंत वाळून जाणार ते. निघताना परत भिजवावं लागेल.